महिरपी कंसातलं नाव

“म्हणजे गेलेलं माणूस बाई होतं की पुरुष, हेसुद्धा तुझ्या यंत्राला आपणच सांगायचं?” नरहरीबुवा चिपळ्या पुसता पुसता थांबले.

“सांगावं लागतं बुवा. नाहीतर ‘सुमतीबाई म्हणाले’ असं छापून जाईल घरोघर,” मी म्हटलं.

“अरे देवा! म्हणजे आमच्या मुकुंदासारखंच झालं की. फोड करून सांगितल्याशिवाय डोक्यात शिरायचं नाही.”

मुकुंद दाराशी बसून संध्याकाळच्या कीर्तनासाठी हार ओवत होता. बुवांच्या बहिणीचा मुलगा, तिशीतला, कीर्तनात बुवांच्या मागे झील धरणारा आणि मठाचं सगळं बघणारा. तो मान वर न करता म्हणाला, “मामा, मी निदान चहा तरी करतो. तिचं यंत्र तेवढंही करत नाही.”

बुवा खळखळून हसले. मीही हसले. देवरुखच्या मठाची ती माडी, खिडकीतून आत आलेलं दुपारचं ऊन, समोर चौरंगावर माझा लॅपटॉप, आणि पलीकडे ज्यांच्या शब्दावर मी वाढले ते बुवा. दत्तजयंतीच्या उत्सवासाठी पुण्याहून रजा काढून आले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या कामाचा बुवांना उपयोग होणार होता. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

झालं होतं असं, की बुवांचे श्रोते सगळ्या कोकणभर पसरलेले. ज्या घरी कुणी गेल्यावर ते एकदा समाचाराला गेले, त्या घरची तिथी ते कधी चुकवत नसत. वर्षश्राद्धाला जातीने जायचं, जमलं नाही तर फोन करायचा. आता गुडघे बोलू लागले होते, आवाजही जपायला लागत होता. म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं होतं.

“ज्याच्या घरी तिथी, त्याच्या मोबाइलवर त्या सकाळी माझे दोन शब्द पोचले पाहिजेत. जमेल का तुला, दर्शू? पण छापील वाटता कामा नये हां. मी समोर बसून बोलतोय असं वाटलं पाहिजे.”

“एवढंच ना?” मी म्हटलं होतं. “हेच तर करते मी पुण्यात दिवसभर.”

खरंच तेच करत होते. आमच्या कंपनीत माझ्याकडे मजकुराचं काम होतं. एक वाक्य घ्यायचं, त्यात जिथे जिथे माणूस बदलतो तिथे मोकळी जागा सोडायची, ती महिरपी कंसात बसवायची, आणि चालवताना प्रोग्रॅम तिथे नाव, आकडा, तारीख भरत जातो. ऐकायला सोपं आहे. पण आकडा नुसता भरून चालत नाही, तो माणसाच्या तोंडात शोभला पाहिजे. मुकुंदने मठातली माहिती मला दिली होती, यंदाच्या तिथींच्या इंग्रजी तारखांसह. त्यात एक तारीख ‘५/१२’ तर दुसरी ‘डिसेंबर ५’, तिसरीत वर्ष आधी. प्रोग्रॅमला पाचवा महिना म्हणजे मे वाटला, तर मार्गशीर्षात गेलेल्या माणसाच्या घरी ऐन उन्हाळ्यात सांत्वन जायचं. म्हणून आधी सगळ्या तारखा एका साच्यात आणायच्या, मग त्यांना ‘५ डिसेंबर’ असं माणसाळवायचं. आकडे मराठी करायचे. ‘४’ आला तर ‘चौथे पुण्यस्मरण’ म्हणायचं.

हे मी बुवांना सांगत होते तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “अगं, हे तर आम्ही जन्मभर करत आलो! आख्यान तेच, चाल तीच. गुहागरला ‘गुहागरकर मंडळी’ म्हणायचं आणि लांज्याला ‘लांजेकर’. फक्त तुझ्यासारखे कंस नव्हते आमच्याकडे.”

“कंस होता की मामा,” मुकुंद म्हणाला. “कृष्णजन्माला दर वर्षी मारता त्याला.”

परत हशा.

काम बघताना नमुन्याला एखादं नाव भरून पाहावं लागतं. ऑफिसात आम्ही कुणाचंही भरतो, शेजारच्या टेबलावरच्याचं, साहेबाचं. पण इथे ती जागा गेलेल्या माणसाची होती. जिवंत माणसाचं नाव त्या कंसात घालायला माझा हात धजेना. उगीच अभद्र कशाला? म्हणून मी नानांचं घातलं. अनंत शेट्ये. नातं – वडील. सांगायचं कुणाला – मुलीला.

नाना म्हणजे माझे वडील. देवरुखच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसा कर्ण्यावरून गाड्या पुकारायच्या, आणि संध्याकाळी बुवांच्या कीर्तनात पेटीवर बसायचं. परकराच्या वयापासून मी त्यांच्या शेजारी झांज घेऊन बसायची. पूर्वरंगात बुवा एखाद्या ओळीवर येऊन थांबले, की ती ओळ मी उचलायची, आणि माझा सूर हलायच्या आत नानांची पेटी त्याच्याखाली हात धरायची. पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला, की नाना हळूच माझ्या तळव्यावर खडीसाखर ठेवायचे. आमच्या घरात देव असा होता. त्याला सूर होता आणि खडीसाखरेची चव होती.

मग मी शिकले, आणि पुण्याला नोकरी लागली.

“कीर्तनाचं काय?” नानांनी विचारलं.

“नाना, पुण्यातही कीर्तनं होतात.”

“तिथल्या कीर्तनाचं नाही विचारलं मी. आपल्या कीर्तनाचं काय?”

मी काहीबाही उत्तर दिलं. शब्दाने शब्द वाढला. शेवटी नाना उठले आणि दाराची कडी हातात धरून म्हणाले, “जायचं तर जा. मग या दाराशी परत येऊ नकोस.” आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचे बंद झाले.

मी निघाले त्या सकाळी ड्यूटी त्यांचीच होती. आईने आणि मी सामान गाडीवर चढवलं. वरच्या कर्ण्यातून नानांचा आवाज येत होता, रोजच्यासारखाच सपाट. “साखरप्यावरून पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे.” मी खिडकीत बसले. त्यांच्या केबिनची काच मला दिसत होती, पण ते पाठमोरे होते. गाडी पुन्हा पुकारली. सगळे बसले, दार लागलं, तरी पुकारत होते. कंडक्टर खिडकीतून ओरडला, “ओ शेट्ये, भरली गाडी! आता काय टपावर बसवू?” लोक हसले. मी मान खाली घातली. मला वाटलं, घालवायची एवढी घाई झाली आहे. गाडी फाटकातून बाहेर वळेपर्यंत मागून ते चालूच होतं, पुण्याला जाणारी गाडी, पुण्याला जाणारी गाडी.

त्या दिवाळीला मी घरी आले, तर नाना ड्यूटी मागून घेऊन स्टँडवरच राहिले. पुढच्या गणपतीतही तेच. आणि त्यानंतरच्या मार्गशीर्षात आईचा फोन आला. मी पोचले तेव्हा नाना अंगणात होते, पांढऱ्या चादरीखाली.

बुवा दुसऱ्या दिवशी समाचाराला आले. ओटीवर बसले, मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला. त्यांचा तो आख्यानाचा आवाज, खालच्या पट्टीतला.

“जायच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात मी होतो त्याच्याजवळ. तुझी आई औषधं आणायला खाली गेली होती. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, बुवा, पोरीला सांगा, माझ्या मनात काही नाही. दार उघडंच होतं.”

दार! या दाराचं बोलणं आमच्या चार भिंतींपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. नानांनी सांगितल्याशिवाय बुवांना कळणार कुठून? मी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि आल्यापासून पहिल्यांदा रडले. आई खांबाला टेकून नानांचा चष्मा पदराने पुसत होती. तिचा हात थांबलेला मला अजून दिसतो. मला वाटलं, तिलाही भरून आलं.

त्या एका वाक्यावर मी पुढची वर्षं काढली. घरी आले की आधी दाराच्या चौकटीला हात लावायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. देवळात शिरताना उंबऱ्याला लावतो तसा.

तर त्या दुपारी माडीवर बुवा मजकूर सांगत होते आणि मी कंस घालत होते.

“लिही. अमुक अमुक यांस सप्रेम नमस्कार.”

“नावाची जागा. पुढे?”

“आज तुमच्या वडिलांची तिथी. वडिलांची, आईची, जे असेल ते.”

“हं.”

“तुमच्या दारी येऊ शकलो नाही, पण मन तिथेच आहे. आता मुख्य लिही. त्यांची आणि माझी अखेरची भेट मी विसरलेलो नाही.”

मी लिहिलं. मुकुंदने विचारलं, “मामा, उत्तररंगाच्या हारात झेंडू घालू का नुसती शेवंती?” बुवा म्हणाले, “शेवंती. झेंडूने मान खाजते.” आणि तसेच पुढे मला म्हणाले, “त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले. इथे ते तुझं म्हणाले-म्हणाल्याचं बघ हां.”

मी ते बघत होते. बाई असेल तर एक, पुरुष असेल तर एक. पण लिहिता लिहिता मध्येच थबकायला झालं. ओळखीची चाल दुसऱ्याच पट्टीत कानावर पडावी तसं. मी वर पाहिलं. बुवा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, नानांची आठवण काढताहेत. मी नानांचंच नाव भरलंय, हे त्यांनी पाहिलं असणार, आणि त्यावरून त्यांना तो दिवस आठवला. इतक्या घरांतून, इतक्या माणसांतून बुवांच्या मनात आमचे नाना अजून आहेत!

“बुवा,” ते पुढचा मजकूर सांगू लागले, “मुलाला सांगा. मुलगी असेल तर मुलीला. माझ्या मनात –”

त्यांचा फोन वाजला. उत्सवाच्या मांडववाल्याचा होता. “अरे, पत्रे नकोत म्हणून बजावलं होतं ना!” असं म्हणत बुवा उठले आणि बोलत बोलत जिना उतरून गेले.

मी हात थांबवून बसले.

“लिही ना ताई,” मुकुंद म्हणाला. सुईत नवा दोरा ओवताना त्याने एक डोळा मिटला होता. “मामांना वेळ लागेल. पुढचं मला पाठ आहे.”

“काय पाठ आहे?”

“हेच की. ‘माझ्या मनात काही नाही. दार उघडंच होतं.’ मग पूर्णविराम. बाईमाणूस गेलं असेल तर मामा ‘दार उघडंच ठेवलं होतं हो’ असं म्हणतात, जरा रडवा सूर लावून. पण लिहिण्यात ते बरं दिसणार नाही. एकच ठेव.”

दोरा सुईत गेला. त्याने गाठ मारली.

“मुकुंद, हे बुवा कुठे म्हणतात?”

“कुठे म्हणजे? समाचाराला. मी असतो ना बरोबर. एवढं बोलले की घरचं माणूस मोकळं होऊन रडतं बघ. मामा म्हणतात, कोंडलेलं दुःख वाईट.”

“सगळीकडे हेच?”

“रुसवा-फुगवा असेल तिथे हे. नसेल तिथे दुसरं आहे, ‘मी तृप्त आहे’ असं. ते पण घेऊ या ना, दोन साचे होतील तुझे.” तो आपल्याच कल्पनेवर खूश झाला. “आणि रुसवा बहुतेक घरी असतोच म्हणा.”

माझ्या हाताला सवय होती. वाक्य पुरं झालं की चालवून बघायचं. मी ते वाक्य पुरं केलं, आणि चालवलं.

पडद्यावर आलं:

‘आज तुमच्या वडिलांची तिथी. कै. अनंत शेट्ये यांचे चौथे पुण्यस्मरण. तुमच्या दारी येऊ शकलो नाही, पण मन तिथेच आहे. त्यांची आणि माझी अखेरची भेट मी विसरलेलो नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, बुवा, मुलीला सांगा, माझ्या मनात काही नाही. दार उघडंच होतं.’

कुठे काही चुकलं नव्हतं. ‘म्हणाले’ बरोबर, ‘मुलीला’ बरोबर, ‘चौथे’ बरोबर.

मी कंसातलं नानांचं नाव पुसलं. जागा रिकामी राहिली, वाक्य तसंच उभं होतं.

परत नाव घातलं. आता बुवा वर आले होते. ते माझ्या खांद्यावरून वाकले आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचू लागले.

“वा, वा! हुबेहूब माझं बोलणं. आणि अनंताचं नाव घातलंस, छान केलंस. मुकुंदा, बघ रे.”

“बुवा,” मी विचारलं, “नाना असं म्हणाले होते?”

“अं?”

“दवाखान्यात. नाना हे वाक्य बोलले होते का?”

बुवांचा हात उपरण्याच्या टोकाशी गेला. पूर्वरंगात आठवलं नाही की जातो, तसा. “अगं, आज किती वर्षं झाली त्याला.”

“हो की नाही, एवढंच सांगा.”

“दर्शू, शेवटच्या घटकेला माणूस शब्दांनी बोलतो का? डोळ्यांनी बोलतो. ते आपण समजून घ्यायचं असतं. बापाच्या मनात दुसरं काय असणार? सगळ्या बापांच्या मनात हेच असतं.”

“मग दार? दाराचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“दार कुणाच्या घराला नसतं?” बुवा सहज बोलून गेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात, तोच आवाज, खालच्या पट्टीतला. “तुला बरं वाटलं होतं ना तेव्हा? मग झालं तर. बुवाचं काम ते. मी काय प्रत्येकाचं निराळं लक्षात ठेवू, सांग. देहाला मर्यादा आहेत. म्हणून तर तुझं हे यंत्र.” आणि मुकुंदकडे वळून म्हणाले, “हिला चहा कर बघू, पोर दमली आहे. आणि हो, हे जायला सुरुवात कधीपासून?”

मी लॅपटॉप मिटला. “उद्या देते,” म्हटलं.

“संध्याकाळी झांजेला बस हां. किती दिवसांनी आलीस.”

मी झांजेला बसले नाही. घरी आले. दाराशी आल्यावर हात आपोआप चौकटीकडे गेला होता, तो मागे घेतला.

आई मागच्या पडवीत कुळीथ पाखडत होती.

“आई, नाना शेवटी काय बोलले?”

तिने सूप खाली ठेवलं. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. आयांना कळतं.

“बुवा काही बोलले का?”

“बुवांचं राहू दे. तू सांग.”

“त्यांची वाचा गेली होती, दर्शू. दुपारी स्टँडवर खुर्चीतून कोसळले, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल, धीर धरा. पहाटेपर्यंत वाट बघितली.”

पडवीत कुळथाचा धुरळा उन्हात तरंगत होता.

“बुवा ओटीवर सांगत होते, तेव्हा तू तिथे होतीस.”

“होते.”

“तुला माहीत होतं.”

“होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

आईने सुपातला एक खडा उचलला, बाजूला टाकला. “तू आल्यापासून अन्नाला शिवली नव्हतीस. पाणीसुद्धा ओठांपुरतं. बुवा बोलून गेले आणि तू उठून आत आलीस. म्हणालीस, आई, भूक लागली, पेज दे.” तिने दुसरा खडा वेचला. “मी पेज दिली.”

“आणि नंतर? इतक्या वर्षांत?”

“नंतर तू दाराला हात लावून आत यायला लागलीस. कुठल्या दिवशी सांगणार होते मी तुला?”

तिच्यावर ओरडावं तर कशासाठी? पेज दिली म्हणून? पण बुवांच्या माडीवर जे झालं नव्हतं ते आता झालं. पायाखालची फरशी हलली. बुवा कितीही झाले तरी बाहेरचे. मी या वाक्याबद्दल आईशी किती वेळा बोलले होते! चुलीपुढे बसून, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. “आई, नाना शेवटी मऊ झाले गं.” आणि आई माझ्या केसांतून हात फिरवत म्हणायची, “हो गं.”

दुसऱ्या दिवशीच निघायचं ठरवलं. जाताना मठात प्रोग्रॅम देऊन आले. बुवा पूजेत होते. मुकुंदने तिथेच चालवून पाहिला आणि म्हणाला, “ताई, मधलं वाक्य येत नाहीये. अखेरच्या भेटीचं.”

“येणार नाही. काढलंय. तिथी आहे, नाव आहे, नमस्कार आहे.”

“मग मामांना काय सांगू?”

“तुला पाठ आहे ना सगळं? तूच सांग काहीतरी.”

तो गोंधळून हसला. भला माणूस. त्याला काहीच कळलं नव्हतं.

स्टँडवर आई सोडायला आली. नको म्हटलं तरी आली. हातात पिशवी, पिशवीत आमसुलं आणि काल पाखडलेल्या कुळथाचं पीठ. केबिन तीच होती, पण आत कुणी पुकारत नव्हतं. आता ध्वनिमुद्रित आवाज होते, तुकड्यांचे. ‘कडे जाणारी गाडी’ एका बाईच्या आवाजात, गावाचं नाव दुसऱ्याच पट्टीत, आणि फलाटाचा आकडा तिसरीकडून आणून चिकटवलेला. माझ्याच धंद्यातल्या कुणीतरी ते बसवलं असणार. सांधे ऐकू येत होते.

मी खिडकीत बसले. आई खाली उभी होती.

मग ती म्हणाली, “पहिल्यांदा पुण्याला गेलीस ना, त्या दिवशी दुपारी हे घरी आले ते आवाज पार बसवून. खुणांनी पाणी मागितलं. मी विचारलं, एवढं काय ओरडत होतात? तर पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला आणि पेटीपाशी जाऊन बसले. उघडली नाही. नुसते हात ठेवून बसले.”

कर्ण्याखालच्या तारेवर एक कावळा बसला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. मनात सगळं धावत आलं, ती सपाट हाक, टपावर बसवू का म्हणणारा कंडक्टर, ते पाठमोरे खांदे. मला ते हवं होतं. अन्नासारखं हवं होतं. म्हणूनच विचारलं.

“आई, हे खरं सांगतेस, की मला बरं वाटावं म्हणून?”

आईचा चेहरा मी पुन्हा तसा कधी पाहिला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली आणि तिचे बंद उगीचच सारखे केले.

“आता मी काय सांगितलं म्हणजे तुला खरं वाटेल, बाई?”

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. आई दोन पावलं मागे सरली आणि पदर तोंडाशी धरून कर्ण्याखाली उभी राहिली. मी काचेबाहेर डोकं काढून, कान देऊन ऐकत होते.

गाडी फाटकातून वळली. आमची गाडी त्या चिकटवलेल्या आवाजांनी एकदाच पुकारली होती.